मुकादमाचे शेजारी

सोमवार, ३ मार्च

हे लिहायला बसले, कारण आज कुणाशीही बोलले असते तरी भांडण झालं असतं. ह्यांच्याशी होता होता राहिलं.

मुकादमाने नवे मासे खाल्ले. सगळे. धाकटीने शनिवारी आणले होते, लाल-निळे, बोटभर लांबीचे. म्हणे वेटिंग रूम जरा हसरी दिसेल. मी तेव्हाच सांगितलं होतं की मुकादम शिकारी जातीचा मासा आहे, त्याच्या टाकीत एवढेसे मासे सोडणं म्हणजे त्याला ताट वाढणं. ऐकतंय कोण. दोन दिवस त्याने पाहुण्यांना नुसतं न्याहाळलं. आज सकाळी सगळ्या खुर्च्या भरलेल्या, एक चिमुरडी काचेला नाक लावून उभी, आणि त्याने सुरुवात केली. शेवटच्याची शेपूट बराच वेळ त्याच्या ओठांबाहेर हलत होती. मुलगी अशी किंचाळली की आत खुर्चीवरच्या गृहस्थांनी तोंडातलं पाणी डॉक्टरच्या अंगावर उडवलं.

मी इतकी वर्षं या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. मोठ्या डॉक्टरांनी मला ठेवलं, तेव्हा धाकटी, म्हणजे त्यांची मुलगी, माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. आता ती डॉक्टर आहे आणि गेल्या वर्षापासून दवाखाना तिचा. मोठ्यांचा हात थरथरतो म्हणे. 'म्हणे' लिहिलं, कारण ते रोज दुपारी वरच्या मजल्यावरून खाली येतात, टाकीसमोर बसून चहा घेतात, आणि एक थेंब बशीत सांडत नाही. पण बापाला खुर्चीवरून उठवायचं तर काहीतरी कारण लागतंच.

मुकादम त्यांचा. ऑस्कर जातीचा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आता माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल. सकाळी मी दार उघडलं की काचेशी येतो आणि कामगारांची हजेरी घेतल्यासारखा इकडून तिकडे फिरतो, म्हणून मुकादम.

पेशंट गेल्यावर धाकटी म्हणाली की मासा देऊन टाकू. मी म्हणाले, मासा गेला तर मीही गेले. असं बोलायचं ठरवलं नव्हतं, पण निघालं तोंडातून. ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "मावशी, एवढ्या मोठ्या टाकीत एकच काळा मासा डोळे वटारून बसलेला असतो. लोक आधीच घाबरलेले असतात. त्याला कुणाबरोबर राहायला लावून दाखवा, मग राहू दे. दोन महिने देते."

दाखवतेच.

मंगळवार, ४ मार्च

शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार स्टुलावर बसून पेंगत होता. ऑस्कर म्हटल्यावर एक डोळा उघडला आणि म्हणाला, "एकटाच ठेवा." मी म्हटलं, ते मला घरबसल्याही कळलं असतं, त्यासाठी बस पकडून आले नाही.

मग जरा जागा झाला. म्हणाला, साधा हिशोब आहे. त्याच्या तोंडात जे मावतं ते जेवण, जे मावत नाही ते शेजारी. पण शेजारी त्याच्याहून दांडगा असेल तर मग तुमचाच मासा जेवण होतो. म्हणजे गिळता येणार नाही इतका मोठा, मारामारी उकरून काढणार नाही इतका थंड, आणि धक्का बसला तर लगेच मरणार नाही इतका चिवट हवा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पंप दुरुस्त करतात, मान वर न करता म्हणाले, "मोठा, थंड आणि चिवट. म्हणजे मला सोडा टाकीत. इतकी वर्षं सराव झालाय."

हसू आलं होतं, पण दाखवलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मोठ्या डॉक्टरांना विचारलं. विचारायला नको होतं, असं धाकटीच्या चेहऱ्यावर होतं, पण मासा त्यांचा आहे.

काय बोलले. मी कागद पेन्सिल घेऊन बसले, शाळेत बसल्यासारखी. म्हणाले, तोंडात मावणारा मासा खाल्ला जातो, त्याचं एवढं काही नाही. त्याहून वाईट म्हणजे तोंडात मावणारा पण गिळता न येणारा. पाठीवर काटा उभा करणारे छोटे मासे असतात, ते घशात अडकतात आणि मग दोघंही जातात. तळाशी राहणारा एक घ्या, कारण मुकादम मधल्या पाण्यात असतो, त्याच्या वाटेत येणार नाही. आणि वर फिरणारे घ्याल तर एकटादुकटा आणू नका, घोळका आणा. एकटा असला की सगळा राग त्याच्यावर निघतो. घोळक्यात कुणाच्या मागे लागावं हेच शिकाऱ्याला कळत नाही.

हे सगळं न अडखळता. आणि अशा माणसाला घरी बसवलंय.

मुकादमाला त्यांनी डब्यातले दाणे घातले. सकाळी मीही घातले होते, पण त्यांना 'नको' कोण म्हणणार. चहा झाल्यावर पुन्हा थोडे घातले, हौसेने. मग मला म्हणाले, "धाकटी शाळेतून आली का?" मला हसू फुटलं. अजून शाळेतच आहे ती, असं त्यांना म्हणायचं असणार. अगदी पटलं मला.

बुधवार, १२ मार्च

टाकीतलं पाणी गढूळ झालं, तांदूळ धुतल्यासारखं. धाकटीने काच पुसायला नवा फवारा आणलाय, लिंबाच्या वासाचा. मी तिला स्पष्ट सांगितलं की हे तुझ्या फवाऱ्यामुळे. ती म्हणाली, फवारा बाहेरून मारतात, मावशी. मी म्हटलं, हवेला दार नसतं. ती काहीतरी बोलणार होती, मग नुसती आत गेली.

संध्याकाळी हे फिल्टर उघडायला आले. आत कुजलेल्या दाण्यांचा चिखल. "एवढं खाणं कोण घालतं?" म्हणाले. मी म्हटलं, मुकादमाचं वय झालंय, सांडत असेल. हे हात धुताना म्हणाले की डॉक्टरांनी ह्यांना तीनदा विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, त्यांनी जन्मभर लोकांची तोंडं उघडी पाहिली, तुमचं मिटलेलं होतं, कसं ओळखणार?

हे हात पुसून फिल्टर बसवायला गेले. ह्यांना उत्तर सुचलं नाही म्हणजे मी जिंकले.

सोमवार, १७ मार्च

शेजारी आणले. तळासाठी एक सकर मासा, काचेला तोंड लावून शेवाळ खातो. अंगावर नुसतं चिलखत, रंग जुन्या बुटाचा. लहान घ्यायचा नाही, म्हणून दुकानदाराच्या मागच्या टाकीतला सगळ्यात मोठा हट्टाने उचलला. कुणीतरी घरी मावेना म्हणून परत केला होता. आणि वरच्या पाण्यासाठी सिल्व्हर डॉलरचा घोळका, ताटलीसारखे गोल आणि चपटे. मुकादमाने कितीही आ केला तरी ताटली आडवी कशी गिळणार?

थेट टाकीत सोडायचे नाहीत. आधी वेगळं ठेवून रोगबीग नाही ना हे पाहायचं. दवाखान्यात जागा नाही, म्हणून आमच्या न्हाणीघरात दोन टब. हे अंघोळीला गेले आणि आतून आवाज आला, "ह्यांना माझ्याकडे पाठ करायला सांग."

मोठ्या डॉक्टरांना नव्या माशांचं सांगितलं. फार खूश झाले. माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "आक्का, तू आहेस म्हणून सगळं चाललंय." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मी इथे लागायच्या आधीच वारलेली. आजवर मला नुसतं 'बाई' म्हणत आले. आज बहिणीचा मान दिला. घरी येईपर्यंत माझा पाय जमिनीला लागत नव्हता.

शनिवार, २९ मार्च

आज सोडले. दुपारी दवाखाना बंद करून. आधी मुकादमाला पोटभर खायला घातलं. मग आतले सगळे दगड, लाकडाचा ओंडका, सगळं उचलून दुसरीकडे मांडलं. कारण असं की जुन्या माशाला टाकीचा कोपरा न् कोपरा आपला वाटतो. सगळीच मांडामांड बदलली की तोही नवा, तेही नवे. मग दिवा मालवून मासे सोडले.

मुकादमाने एक चक्कर मारली, आपला ओंडका जागेवर नाही हे पाहिलं, आणि तळाशी जाऊन कुशीवर आडवा झाला. मेल्यासारखा. कल्ले हलत होते म्हणून, नाहीतर मी रडलेच असते. धाकटी धावत आली. गुडघे टेकून पाहिलं आणि हसायला लागली. "रुसलाय तो, मावशी. बाबांनी एकदा दगड धुवायला काढले होते तेव्हा पण असाच पडला होता. मी त्याला गोष्ट वाचून दाखवली होती." किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला. आम्ही दोघी जमिनीवर बसून त्याच्या मिनतवाऱ्या करत होतो.

तेवढ्यावर राहिलं असतं तर दिवस चांगला गेला असता. पण ती हळूच म्हणाली की बाबांचं दुपारी खाली येणं आता बंद करावं असं वाटतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणाले, "दवाखाना घेतलास. आता बसायची खुर्चीपण घेणार?"

पेशंटसमोर मी तिला अहो-जाहो करते, पण तेव्हा कुणी नव्हतं.

ती उठली. "मावशी, तुम्हाला खरंच दिसत नाही?"

मी म्हटलं, मला सगळं दिसतं.

मंगळवार, १ एप्रिल

उठला. काल सकाळी दार उघडलं तर काचेशी हजर. सकरच्या पाठीचा एक चावा घेऊन पाहिला, चिलखत लागल्यावर थुंकल्यासारखं तोंड केलं आणि पुन्हा त्या बाजूला गेला नाही. डॉलरांच्या मागे धावतो, पण एकाच्या मागे लागला की मध्ये दुसरा चमकतो, मग तिसरा. शेवटी दमून मध्यभागी थांबतो, आणि घोळका त्याच्याभोवती फिरत राहतो. काल एक वाहनचालक पेशंट दाढ धरून आला होता, त्याचा नंबर आला तरी उठेना. म्हणाला, थांबा हो, आता काय करतोय बघू.

मी धाकटीला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान. एवढंच. हरणं कुणाला आवडतं.

सोमवार, ७ एप्रिल

एक डॉलर मेला. दुसरा जाणार. सगळे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात, मुकादमसुद्धा. शुक्रवारी पाणी स्वच्छ होतं. शनिवारी मी रजेवर होते, भाचीकडे गेले होते. म्हणजे माझी पाठ वळली आणि झालं.

मी धाकटीला खूप बोलले. पेशंट होते तरी बोलले. म्हणाले की तुम्हाला दाखवून दिलं ते सहन झालं नाही, मुक्या जिवांवर राग काढलात. तुम्ही काय घातलंत पाण्यात ते सांगा.

तिने हातमोजे काढून टाकले, बाह्या दुमडल्या आणि बादली उचलली. पाणी काढलं, नवीन भरलं, क्लोरीन मारायचे थेंब टाकले, पुन्हा बादली. मोठे डॉक्टर शेजारी बसून तिच्याकडे पाहत होते. आत खुर्चीवर माणूस ताटकळलेला. ती एक शब्द उलटून बोलली नाही.

चोराच्या मनात चांदणं असतं. निर्दोष माणूस गप्प बसेल?

बुधवार, ९ एप्रिल

आज पाळत ठेवायची ठरवली होती. धाकटीवर. कामं बाजूला ठेवून टाकीवर डोळा ठेवला.

मोठे डॉक्टर खाली आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. डबा उघडला, मूठभर दाणे घातले. बसले. चहा आला. चहा संपला. उठले, डबा उघडला. "आज कुणी काही घातलं नाही वाटतं ह्याला," असं आपल्याशीच म्हणून मूठ टाकली. बसले. मी वाट पाहिली. ते पुन्हा उठले. तेच वाक्य, तसंच, तेवढ्याच मायेने.

मी काउंटर सोडून गेले आणि डब्यावर हात ठेवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी बाईकडे सभ्य माणूस पाहतो तसं. म्हणाले, "तुमचा नंबर आला की हाक मारतील. बसा ना."

मी बसले. पेशंटच्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी. फोन वाजत होता, वाजू दिला.

शुक्रवार, ११ एप्रिल

काल लिहवलं नाही.

धाकटीला म्हणाले, मी पाहिलं. तिने विचारलं नाही काय पाहिलं. आतलं दार लोटलं आणि डॉक्टरांच्या त्या चाकाच्या स्टुलावर बसली.

हात कधीच थरथरत नव्हता. तिने तसं उठवलं. खरं असं घडलं होतं की त्यांनी एका बाईंची चांगली दाढ काढली, किडकी तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या तर त्यांना पाहिल्याचंच आठवेना. धाकटीने त्या बाईंचे पाय धरले. मग वडिलांना सांगितलं की तुमचा हात थरथरतो, आता आराम करा. त्यांनी हात समोर धरून पाहिला आणि म्हणाले, असेल बाई, तू म्हणतेस तर. हे सांगताना ती रडली नाही. माझंच नाक वाहत होतं.

"हात थरथरला तर लोक म्हणतात वय झालं, फार काम केलं. डोकं विसरलं तर हसतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, आणि तू बापाला हुसकावलंस असं म्हणतात त्याचं काय? म्हणजे मीच म्हणत होते, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने. सोमवारी तर भर पेशंटांत. तिने का नाही सांगितलं तेव्हा?

"बाबा शेजारी बसले होते."

मी म्हणाले, चुकले. हा शब्द माझ्या तोंडातून सहसा निघत नाही, त्यामुळे जरा घोगरा निघाला. मग विचारलं की एवढं सगळं ऐकून घेतलंस, मला काढून का नाही टाकलंस.

"बाबांची बाजू घेऊन भांडणारं कुणीतरी हवं होतं इथे. मला ते करता येत नव्हतं."

एवढं झाल्यावर तिचं सगळं ऐकावं की नाही? पण ती म्हणाली, आता कळलंय ना तुम्हाला, मग उद्यापासून त्यांना वरच ठेवू, सांभाळायला माणूस लावू. मी म्हटलं, नाही. ती थक्क झाली. मी म्हटलं, तो माणूस इथे यायचं म्हणून भांग पाडतो. वर बसवलंस तर कशासाठी पाडेल? दाण्यांचं काय करायचं ते मी बघते. माशांचं मी बघते. त्यांचंही मी बघते. माझं अजून डोकं ठिकाणावर आहे आणि तोंडही चालतं.

भांडण झालंच. पण आज पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच बाजूने भांडत होतो, असं काहीतरी. नीट लिहिता येत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

युक्ती चालली. मोठा डबा घरी आणला. तिथे एक छोटी डबी ठेवते, त्यात दिवसाचे दाणे, जेवढे मुकादमाला आणि मंडळींना पुरतील तेवढेच. डॉक्टर घालतात. पुन्हा उठतात, डबी उघडतात, ती रिकामी. आत पाहतात. म्हणतात, "अरे, घातलेत वाटतं मी." आणि बसतात. डबीवर विश्वास आहे त्यांचा.

पाणी आरशासारखं. वाचलेले डॉलर ठणठणीत. दुकानातून आणखी काही आणून टबात ठेवलेत. ह्यांनी या वेळी न्हाणीघराच्या दाराला पाटी लावली: आत कुटुंब आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

आज होणार ते झालं.

एक मुख्याध्यापिका येतात, दातांना तारा लावून घेतल्यात या वयात. वाचत बसल्या होत्या. मोठे डॉक्टर उठले, त्यांच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "आ करा बघू. मोठा." हनुवटीला बोट लावलं. त्या ताडकन उठल्या. पुस्तक पडलं.

काउंटरवर येऊन मला म्हणाल्या की हे गृहस्थ असे मोकळे कसे सोडलेत, इथे लोक पैसे मोजून येतात, यांना घरात ठेवायला हवं. सगळ्या खुर्च्या ऐकत होत्या. डॉक्टर मध्ये उभे, बोट अजून तसंच वर धरलेलं. बोलणं आपल्याबद्दल आहे हे त्यांना कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. तो चेहरा मला पाहवेना.

मी म्हणाले, "बाई, हे घरातच आहेत. ही खोली त्यांनी बांधली. तुम्ही बसलात ती खुर्ची त्यांनी निवडली. पटत नसेल तर गावात दवाखान्यांना तोटा नाही, रस्ता मी सांगते."

म्हटलं आणि कळलं, की नोकरी गेली. आतलं यंत्र थांबलं होतं. धाकटी दारात उभी, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला.

ती मुख्याध्यापिकांशी बोलली, पण आवाज सगळ्या खोलीसाठी होता. "ते माझे वडील आहेत. त्यांना विसरण्याचा आजार आहे. हात वगैरे थरथरत नाही, ते मी खोटं सांगत होते. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. पण ते इथेच बसणार आहेत."

मुख्याध्यापिकांनी पुस्तक उचललं. त्या गेल्या नाहीत, बसल्या. वाचत मात्र नव्हत्या. मग तो वाहनचालक, दाढवाला, उठून मोठ्या डॉक्टरांच्या बाजूला जाऊन बसला आणि विचारलं, "साहेब, हा काळा ह्या ताटल्यांना खात का नाही?"

डॉक्टरांचं बोट खाली आलं. सांगायला लागले. तोंड किती उघडतं, घोळका का लागतो, तळाचा वेगळा आणि मधला वेगळा का. मध्ये एकदा अडखळले, सकरचं नाव आठवेना. वाहनचालक म्हणाला, बूट म्हणू या त्याला. चालेल, म्हणाले.

सोमवार, ५ मे

दोन महिने झाले. धाकटीला मुदतीची आठवण करून दिली, तर म्हणाली, कसली मुदत?

दुकानदार स्वतः टाकी बघायला आला. बराच वेळ मागे हात बांधून उभा राहिला. म्हणाला, "आज ठीक आहे. पण शिकारी तो शिकारी. कधी फिरेल सांगता येत नाही." मी म्हटलं, फिरेल तेव्हा फिरेल. तोवर आम्ही डबी भरतोय, पाणी बदलतोय. तुमच्यासारखं 'एकटाच ठेवा' म्हणून झोपलो नाही. हसला. जाताना दातांना कोणती पेस्ट चांगली ते विचारून गेला.

पण खरं लिहायचं तर गेले काही दिवस बरे नव्हते. गुरुवारी डबी रिकामी पाहून डॉक्टर चिडले, भिंतीवर फेकून मारली. कुणीतरी चोरलं म्हणाले, माझ्याकडे बोट करून. मग बराच वेळ खाली मान घालून बसले. माशांबद्दल विचारलं तर आता अर्धंच वाक्य येतं. बाकीचं वाहनचालकाने, नाहीतर मी, पुरं करायचं. तेही दमतात, मीही दमते. कधी वाटतं की मी त्यांना इथे बसवते ते त्यांच्यासाठी की माझ्या हट्टासाठी? त्यांना असं लोकांनी पाहावं, हे त्यांना चाललं असतं का? त्यांना विचारून उत्तर मिळेल असे दिवस गेले.

ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "उद्या भांग पाडून खाली आले तर त्यांना यायचंय असं धर. नाही आले तर बघू." 

आले. भांग वाकडा होता, पण होता.

शनिवार, १७ मे

दुपारी गर्दी कमी होती. धाकटी आतून बाहेर आली, पाणी प्यायला. मोठे डॉक्टर तिच्याकडे पाहायला लागले. ती हसली. त्यांनी विचारलं, "तुमचा नंबर किती वाजता?"

आजवर मला, ह्यांना, सगळ्यांना विसरले होते, तिला नव्हते विसरले. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. तिने मला डोळ्यांनी बस म्हटलं, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. पांढऱ्या कोटासकट.

"आहे अजून वेळ," ती म्हणाली. "मी थांबते."

टाकीत मुकादम बुटाच्या वरून संथ गेला. दोघं पाहत होते. मग ते तिच्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घाबरू नका. इथली डॉक्टर लहान आहे, पण हाताला फार हलकी आहे. मी स्वतः शिकवलंय तिला."

तिने मान हलवली आणि टाकीकडे बघत बसली, गालावरून ओघळतंय ते पुसलंसुद्धा नाही.

दार ढकलून पुढचा पेशंट आला. वेळेवर आलोय म्हणाला, डॉक्टर रिकाम्याच दिसतायत म्हणाला, लगेच आत जाऊ का म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर कामात आहेत. बसा.

तो घड्याळ दाखवून कुरकुरायला लागला. कुरकुरू दे. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.